वाघाची खूण, आंबेमोहोराचा वास आणि आपलं नाक

रानभैरी

ताडोब्यात मोहर्लीकडून आत शिरल्यावर एका वळणावर गाइडने जिप्सी थांबवायला लावली. समोर काहीच नव्हतं. "वास घ्या," एवढंच म्हणाला. घेतला, तर चक्क भाताचा वास! वाफ जिरत आलेल्या आंबेमोहोराचा. आसपास ना गाव, ना चूल. मग त्याने कडेच्या ऐनाच्या बुंध्याकडे बोट केलं. कमरेच्या थोडं वर साल ओली दिसत होती. "सकाळीच फवारा मारून गेला न वाघ."

घरी आल्यावर थोडं वाचन केलं. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत रतनलाल ब्रह्मचारी नावाचे शास्त्रज्ञ होते. ओडिशातल्या सिमिलीपालला सरोजराज चौधुरी या वनाधिकाऱ्यांनी खैरी नावाची वाघीण घरात वाढवली होती. ब्रह्मचारींच्या वाघाच्या वासावरच्या कामात या खैरीचा मोठा वाटा. वाघ झाडावर मागच्या मागे, शेपटी वर करून जो फवारा मारतो, त्यात २-अ‍ॅसिटिल-१-पायरोलीन नावाचा रेणू सापडल्याचं त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १९९० साली 'नेचर'मध्ये लिहिलं. बासमती, आंबेमोहोर, इंद्रायणी या तांदळांना वास देणारा प्रमुख रेणू तोच!

आता माझी शंका. रेणू एकच. दुसऱ्या वाघाला त्यातून कळतं की ही हद्द कुणाची तरी आहे. मला त्यातून वरण-भात आठवतो. मग वास असतो कुठे, रेणूत की नाकात?

आणि दुसरं. 'प्राण्यांपुढे माणसाचं नाक म्हणजे अगदीच टाकाऊ' असं शाळेपासून ऐकत आलोय. मला ते पटेनासं झालंय. चालत्या गाडीत, डिझेलच्या धुरात त्या गाइडला वास लागला. जाणकारांनी लिहावं.

मिरगाचा पाऊस

भारी धागा. पण रानभैरी, मोहाची फुलं नव्हती ना पडलेली? ताज्या मोहातही हाच रेणू असल्याचं ब्रह्मचारींनीच नंतर दाखवलं होतं. मार्च-एप्रिलमध्ये गेला असाल तर वाघाला उगाच श्रेय देताय.

रानभैरी

डिसेंबर होता हो. स्वेटर घालून बसलो होतो. मोह सुटला.

संकासूर

रसभंग करतो, माफी असावी. २००८ साली बर्गर आणि सहकाऱ्यांनी बंगाल वाघाच्या फवाऱ्याची कसून तपासणी केली. ९८ घटक ओळखले. कीटोन, मेदाम्लं, लॅक्टोन, काय काय. आणि त्यात स्पष्ट लिहिलंय की आधी नोंदवलेलं अ‍ॅसिटिलपायरोलीन आम्हाला सापडलं नाही. म्हणजे 'वाघाला बासमतीचा वास' ही गोष्ट ढकलपत्रांत जितकी छातीठोकपणे फिरते तितकी पक्की नाही. गाइड लोकांना पर्यटकांची नाकं कशी वळवायची ते चांगलं ठाऊक असतं, हेही जाता जाता.

नळकांडं

संकासूर यांचा मुद्दा रास्त आहे, पण यंत्राला सापडलं नाही म्हणजे नव्हतंच असं होत नाही. पोटापाण्यासाठी मी हेच करतो (खाद्यपदार्थांचे स्वाद, मुंबईत), म्हणून दोन गोष्टी लिहितो.

हा रेणू महाबेरकी आहे. हवेत पटकन उडतो, टिकत नाही. जुना तांदूळ फडफडीत शिजतो पण त्याचा वास गेलेला असतो तो याचमुळे. आणि आपल्या नाकाला तो लागतो किती? पाण्याच्या एक अब्ज भागांत या रेणूच्या एका भागाचा दहावा हिस्सा असला तरी पुरे. एवढ्याशा मात्रेला चांगलं यंत्रही चुकू शकतं. म्हणूनच आमच्याकडे गॅस क्रोमॅटोग्राफच्या (मिश्रणातले रेणू एकेक करून वेगळे काढणारं यंत्र) नळीला शेवटी दोन फाटे काढतात. एक जातो यंत्राच्या संवेदकाकडे, दुसरा काचेच्या नरसाळ्यातून माणसाच्या नाकाकडे. मी तिथे बसतो. कागदावर सपाट रेघ चाललेली असते आणि मी मध्येच बटण दाबतो, 'भाजलेला पापड', 'ओलं पोतं', 'तूप'. कागदावर ज्या जागी काहीच नाही तिथे नाक ठणठणीत सांगतं की काहीतरी आहे. उलटंही होतं. डोंगराएवढं शिखर उमटतं आणि नाकाला गंधवार्ताही नसते.

त्यामुळे वाघाबाबत माझं मत असं: वाद मिटलेला नाही, पण जनावराच्या अंगून भाताचा वास येणं अशक्य बिलकुल नाही. आपल्या ईशान्येकडच्या जंगलांत बिंटुराँग नावाचा झाडावर राहणारा, मांजरासारख्या तोंडाचा प्राणी आहे. त्याच्या अंगाला मक्याच्या लाह्यांचा वास येतो. २०१६ साली अमेरिकेत ३३ बिंटुराँगांच्या लघवीची तपासणी झाली, तर हाच रेणू ३३च्या ३३ नमुन्यांत निघाला. लाह्या फुटताना, पाव भाजताना जो खमंग वास सुटतो त्यातही हा असतोच.

बर्गर यांच्या कामातली मला आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. वाघाच्या फवाऱ्यात लघवीबरोबर थोडा स्निग्ध भाग असतो. वासाचे बरेचसे रेणू पाण्यात कमी आणि त्या स्निग्धांशात जास्त मुरलेले आढळले. तिथून ते सावकाश सुटत राहतात. कन्नौजचे अत्तरवाले चंदनाच्या तेलात गुलाब उतरवतात ते याच कारणाने. वाघालाही खूण टिकायला हवी असते. रोज कोण येणार फवारायला?

संकासूर

नळकांडं, हे पटलं. 'वाद मिटलेला नाही' एवढ्यावर मी खूश.

नाककान वैद्य

रानभैरी यांचा पहिला प्रश्न राहूनच गेला, 'वास असतो कुठे'. मी कान-नाक-घसा बघतो, त्यामुळे नाकापासून सुरू करतो.

बाहेरून दिसतं ते नाक म्हणजे नुसतं दार. नेहमीच्या श्वासातली बरीचशी हवा खालून घशाकडे निघून जाते. वास घेणारा पडदा आहे नाकपोकळीच्या थेट छताला, दोन्ही डोळ्यांच्या मधोमध. दोन्ही बाजूंना जेमतेम पोस्टाच्या तिकिटाएवढी जागा. म्हणून आपण हुंगतो. जोरात ओढलं की हवा वर चढते. सर्दीत वास जातो तो बहुतेक वेळा पडदा बिघडून नव्हे, वाट सुजल्यामुळे.

या पडद्यात काही दशलक्ष चेतापेशी असतात. त्यांची टोकं शेंबडात लोंबतात. (शेंबडाला हसू नका, रेणू त्यात विरघळल्याशिवाय पुढचं काही होत नाही.) प्रत्येक टोकावर ग्राहक नावाची प्रथिनं असतात आणि गंमत अशी की एका पेशीवर एकाच प्रकारचं ग्राहक. माणसात त्यांचे चालू स्थितीतले सुमारे ४०० प्रकार आहेत. लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सल यांनी १९९१ साली उंदरांवर काम करून या ग्राहकांच्या जनुकांचं हे अवाढव्य कुटुंब शोधलं. त्यांना २००४ चं नोबेल मिळालं.

आता ४०० ग्राहक आणि वास तर हजारो. जमतं कसं? एक रेणू अनेक ग्राहकांना कमीजास्त चिकटतो, आणि एक ग्राहक अनेक रेणूंना धरतो. या पेशींचे तंतू नाकाच्या छताच्या चाळणीसारख्या भोकाभोकांच्या हाडातून वर मेंदूत जातात. तिथे एका प्रकारच्या ग्राहकाचे सगळे तंतू ठरलेल्या ठिपक्यांवरच येऊन भिडतात. ठिपक्यांच्या रांगोळीत ठिपके तेच असतात, कुठले जोडले त्यावर कमळ की कासव ते ठरतं. तसंच. कुठले ठिपके पेटले, त्यावर मेंदू म्हणतो 'हा आंबा', 'ही नाली'.

तर रेणूला स्वतःचा असा वास नसतो. तो कुठल्या ग्राहकांत बसतो एवढंच त्याच्या हाती. पुढचं सगळं त्या जनावराचं नाक आणि त्याचा पूर्वानुभव. दृष्टी, श्रवण यांचे निरोप मेंदूत थॅलॅमस नावाच्या नाक्यावरून पुढे जातात. वासाचा निरोप तो नाका टाळून भीती-आठवण सांभाळणाऱ्या भागांच्या शेजारी थेट पोचतो. वास आला की नाव सुचायच्या आधी पोटात गोळा का येतो, त्याचं निदान अर्धं उत्तर इथे आहे.

पळी पंचपात्र

वैद्यबुवा, सोपं करून सांगितलंत. पण मग रेणू अगदी जुळे असतील तर वासही सारखाच यायला हवा ना?

नळकांडं

ताई, याचं उत्तर तुमच्याच मसाल्याच्या डब्यात आहे. पुदिना आणि बाळंतशेपा. दोन्हींत कार्व्होन नावाचा एकच रेणू आहे, फरक एवढाच की एक दुसऱ्याची आरशातली प्रतिमा. अणू तेच, जोडण्या त्याच, फक्त डावं-उजवं बदललेलं. आणि वास? एक चटणीचा, एक बाळंतिणीच्या खोलीचा. ग्राहकांना डावं-उजवं कळतं.

शेवटी ग्राहक कसा दिसतो हे बघायला मात्र २०२३ उजाडलं. त्या वर्षी माणसाच्या एका गंधग्राहकाची रेणू पकडलेल्या अवस्थेतली रचना पहिल्यांदा हाती आली. बक-अ‍ॅक्सलनंतर बत्तीस वर्षांनी! ही प्रथिनं प्रयोगशाळेत टिकवणं फार जिकिरीचं असतं.

पळी पंचपात्र

अरे वा, हे आज सासूबाईंना सांगते. मीही स्वयंपाकघरातलं थोडं टाकते.

ज्यांना जीभ आणि नाक यांचा संबंध अजून पटत नसेल त्यांनी नाक चिमटीत गच्च धरून बडीशेप चावावी. नुसतं गोडसर लाकूड लागतं. तसंच चावत नाक सोडा. बडीशेप एकदम 'येते'. तोंडातून घशाच्या मागच्या वाटेने वास वर चढतो आणि आपण त्याला चव म्हणतो. तापात अन्न बेचव लागतं ते त्यामुळे, जीभ बिचारी कामावर असते.

माशांना हात लावल्यावर कोकम किंवा लिंबू का चोळतात? समुद्री मासा शिळा होऊ लागला की त्यात ट्रायमिथाइलअमीन तयार होतं. ते अल्कली. आंबट लागलं की त्याचा क्षार होतो, आणि क्षार हवेत उडत नाही. उडलं नाही की नाकात जात नाही. आणि धरणातल्या माशाला जो चिखलाचा वास मारतो तो जिओस्मिनचा, तोही आंबटाने मोडतो. त्यामुळे गोड्या पाण्याच्या माशाला चिंच हवीच हवी. यावर वाद घालणाऱ्यांनी आधी शिवडा नुसत्या हळद-मिठात करून दाखवावा.

आणि ज्यांना कोथिंबीर साबणासारखी लागते (आमच्या घरात एक नमुना आहे) त्यांच्यावर डाफरू नका. कोथिंबिरीतल्या अल्डिहाइडांना धरणाऱ्या एका ग्राहकाच्या जनुकातल्या फरकाशी त्याचा संबंध आढळलाय. नखरे नव्हेत ते.

मिरगाचा पाऊस

जिओस्मिन म्हटल्यावर माझं आयडी गप्प कसं बसेल! पहिल्या पावसाच्या मातीच्या वासातला मुख्य रेणू हाच. मातीतले स्ट्रेप्टोमायसीस जिवाणू तो बनवतात. १९६४ साली ऑस्ट्रेलियातल्या बेअर आणि थॉमस या दोघांनी पावसाच्या वासावर 'नेचर'मध्ये लिहिलं. कन्नौजचे लोक उन्हात तापलेल्या मातीतून हाच वास चंदनतेलात उतरवून विकतात, हेही त्यांना माहीत होतं.

जिवाणूंना वास सोडून काय मिळतं? २०२० साली याचं एक छान उत्तर आलं. मातीत स्प्रिंगटेल नावाचे उड्या मारणारे बारके जीव असतात. जिओस्मिनच्या वासावर ते येतात, जिवाणू खातात आणि त्यांचे बीजाणू अंगाला लावून दुसरीकडे नेतात. म्हणजे ज्या वासावर आपण कविता पाडतो ते स्प्रिंगटेलसाठी 'जेवण तयार आहे'. आणि आपलं नाक त्याला किती तिखट? हजार अब्ज भागांत थोडेसे भाग असले तरी ओळखतं. उन्हाळ्यात नळाच्या पाण्याला मातकट वास आला की सगळं गाव नगरपालिकेत फोन करतं ते उगाच नाही.

शेपटीवाला

आता कुत्र्यांची बाजू कुणीतरी मांडायला हवी.

कुत्र्याच्या नाकपुडीला कडेला एक चीर असते, नीट बघा. आत घेताना हवा समोरून येते आणि सोडताना त्या चिरांतून बाजूला-मागे फेकली जाते. त्यामुळे समोरचा माग स्वतःच्याच उच्छ्वासाने विस्कटत नाही. सेकंदाला पाचेक वेळा हुंगतो गडी. आत गेलेल्या हवेचा एक हिस्सा वेगळ्या वाटेने मागच्या कप्प्यात जातो, तिथे हाडांच्या पातळ सुरळ्यांवर वासाचा पडदा पसरलेला असतो. आपल्यासारखं नाही, की श्वास आणि वास एकाच बोळातून.

ग्राहकांच्या प्रकारांचा हिशोब लावला तर कुत्र्यात साधारण ८००, उंदरात हजाराच्या वर आणि आफ्रिकन हत्तीत जवळपास २०००. आतापर्यंत मोजलेल्यांत हत्ती पहिला. केनियातल्या अंबोसेलीत २००७ साली प्रयोग केला होता. मसाई पुरुषांनी वापरलेलं कापड आणि कांबा पुरुषांनी वापरलेलं कापड हत्तींपुढे ठेवलं. मसाई भाल्याने हत्ती मारतात, कांबा शेती करतात. मसाई कापडाचा वास येताच हत्ती जास्त वेगाने आणि जास्त लांब पळाले. माणूस समोर नाही, भाला नाही, नुसतं कापड.

त्यामुळे रानभैरी, तुमच्या गाइडबद्दल आदर आहे, पण माझा मोती त्याच्या दहा पावलं पुढे असता.

रानभैरी

मोती वाघाच्या वासावर दहा पावलं पुढे जाईल की गाडीखाली घुसेल? :)

पण मुद्दा सोडत नाही. १९व्या शतकात पॉल ब्रोका या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने मेंदू मोजून ठरवलं की माणसाचा गंधाचा भाग बाकीच्या मेंदूच्या मानाने बारका, म्हणून माणूस वासात कच्चा. कुणी नाकाची परीक्षा घेतलीच नव्हती! २०१७ साली जॉन मॅकगॅन यांनी 'सायन्स'मध्ये या समजुतीची चांगली चिरफाड केलीय. काही रेणूंच्या बाबतीत माणूस कुत्र्यालाही मागे टाकतो.

त्याआधी २००७ साली बर्कलीत एक झकास प्रयोग झाला. गवतावर चॉकलेटच्या वासात भिजवलेली दोरी टाकली. विद्यार्थ्यांचे डोळे बांधले, कानांवर आवाज बंद करणारे हेडफोन, हातात जाड मोजे, गुडघ्यांना पॅड. म्हणाले, रांगा. ३२ जणांपैकी दोन तृतीयांश जणांनी माग काढला, कुत्र्यासारखं नागमोडी जात. सराव केलेल्यांचा वेग वाढला. एक नाकपुडी बंद केली की कामगिरी घसरली.

आपण दोन पायांवर उभे राहिलो आणि नाक जमिनीपासून पाच फूट वर गेलं, ही खरी अडचण. नाकाचा दोष नाही.

शेपटीवाला

पाच किलोमीटर जुन्या मागावर रांगून दाखवा, मग बोलू.

कपाशीवाला

यवतमाळकडचा आहे. रोज वाचतो, लिहीत नाही. पण किड्यांचं कुणी बोललंच नाही.

आमच्याकडे गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळे लावतात. नरसाळ्यासारखं प्लास्टिक, खाली लांब पिशवी, वर टोपीत रबराची बारकी ल्युअर. त्या रबरात मादी पतंगाचा कृत्रिम वास असतो. माणसाला काही म्हणता काही येत नाही, नाकाला लावून बघितलं. नर मात्र रातभर येऊन पिशवीत पडतात. हेक्टरी पाच सापळे सांगतात. सलग तीन रात्री, दर रात्री सापळ्यामागे आठ पतंग पडले की फवारणीचा विचार करायचा. सकाळी पिशवीची गाठ सोडून पतंग मोजायचे हे काम घरात लहान पोरांचं.

कृषी सहायकाने सांगितलेली एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी. हिरव्या बोंडअळीची ल्युअर हाताळून तोच हात गुलाबीच्या ल्युअरला लावायचा नाही. दोन वास मिसळले की नर फिरकत नाही. एवढ्याशा फरकाने! तीन-चार आठवड्यांनी ल्युअर बदलायची. बरेच जण इथेच कंटाळा करतात, रबर सुकून बसतं, पिशवी रिकामी दिसते आणि मग 'अळी नाही' म्हणून गाफील राहतात.

नळकांडं

कपाशीवाले दादा, या धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रतिसाद. गुलाबीच्या वासात दोन रेणू असतात, जवळजवळ निम्मे-निम्मे. दोघांत फरक फक्त एका जोडणीच्या वळणाचा. प्रमाण बिघडलं की नराला ती 'आपली' वाटत नाही.

हे शास्त्र सुरू झालं रेशमाच्या पतंगापासून. जर्मनीत बुटेनांट यांनी १९५९ मध्ये मादीचा गंध वेगळा काढला. पाच लाखांच्या आसपास पतंग लागले आणि हाती आले काही मिलिग्रॅम.

दर्यावर्दी

कोकणात आंब्याला तेच. दापोली विद्यापीठाचा 'रक्षक' सापळा बागेत टांगलेला दिसेल. आत मिथाइल युजेनॉल, त्यावर फळमाशीचे नर येतात. हा वास तुळशीतही असतो, त्यामुळे तुळशीवर फळमाशा बसलेल्या दिसल्या तर दचकू नये. इंग्रजांच्या काळात बिहारमधल्या पुसाच्या संस्थेत हॉवलेट नावाचे कीटकशास्त्रज्ञ होते. डास पळवायला सिट्रोनेला तेल वापरलं तर फळमाशाच गोळा होतात हे १९१२ च्या सुमारास लक्षात आलं, तिथून मिथाइल युजेनॉलपर्यंत शोध गेला.

केवडा

माझं नाव बघून प्रश्न विचारते. केवड्याच्या बनात साप वासाने येतात हे खरं का? आमच्या आजोळी त्यामुळे रातराणीसुद्धा लावू दिली नव्हती.

रानभैरी

फुलाच्या वासावर साप भाळत नाही. केवड्याच्या बनात दाट सावली, ओल, बेडूक-उंदीर असतात, रातराणीवर रात्री किडे येतात, किड्यांमागे पाली-बेडूक. साप जेवायला येतो. पण साप वास घेतो मात्र भन्नाट. जीभ लवलवते ती चावायला नव्हे, हवेतले रेणू टिपायला. आत घेतल्यावर ते टाळूतल्या याकबसनच्या इंद्रियापाशी पोचतात. जिभेला दोन टोकं, त्यामुळे कुठल्या बाजूला वास जास्त तेही कळतं.

हेच इंद्रिय वाघाला, बैलाला, घोड्याला, मांजराला असतं. बैल गाईचं मूत हुंगून वरचा ओठ मुडपतो, मान वर करून खुळ्यासारखा उभा राहतो, पाहिलं असेल. तो हसत नसतो, वास टाळूत ओढत असतो. वाघही खूण हुंगून तसंच तोंड वेंगाडतो, जीभ बाहेर. माणसात या इंद्रियाची नुसती खूण उरलीय, जोडणी गेली.

ओंकारेश्वर

आपल्या स्वरशास्त्रात चंद्रनाडी-सूर्यनाडी सांगितलीच आहे. एका वेळी एकच नाकपुडी प्रमुख चालते आणि काही तासांनी बदलते. पाश्चात्त्यांना हे आत्ता कळतंय.

नाककान वैद्य

ओंकारेश्वर, नाकपुड्यांची पाळी बदलते हे शंभर टक्के खरं. आतल्या मांसल पडद्यांत रक्त कमीजास्त भरतं म्हणून. 'आत्ता' मात्र नाही, कायझर नावाच्या जर्मन डॉक्टरने १८९५ मध्ये याची नोंद केली. स्वर बघून कामाला निघावं की नाही यावर मी मत देत नाही, माझी ओपीडी दोन्ही नाकपुड्यांवर चालते.

वासाशी संबंध आहे तो असा. काही रेणू शेंबडात चटकन शोषले जातात, काही सावकाश. वेगाने वाहणाऱ्या नाकपुडीत पहिले नीट पसरतात, मंद नाकपुडीत दुसऱ्यांना वेळ मिळतो. १९९९ साली हे प्रयोगाने दाखवलं गेलं. एकाच फुलाचं थोडं वेगळं चित्र दोन नाकपुड्या देतात.

लेस्टरची सई

वैद्यकाका, विषयांतर वाटलं तर सोडून द्या. कोविडनंतर माझा वास गेला, मग परत आला तो वेडावाकडा. कॉफी म्हणजे जळलेलं रबर. कांदा-लसणाची फोडणी पडली की घराबाहेर जाऊन उभी राहायचे. आता बरंच सावरलंय पण अंडं अजून नाही. हे कायमचं असतं का?

नाककान वैद्य

सई, विषयांतर कसलं, धागा त्याचाच आहे.

कोविडचा विषाणू मुख्यतः वासाच्या चेतापेशींत नाही, त्यांना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशींत शिरतो. आधार कोसळला की चेतापेशीही ढासळतात. पण या चेतापेशी आयुष्यभर नव्याने तयार होत राहतात. शरीरातल्या फार थोड्या चेतापेशींना ही सोय आहे. नव्या पेशीचा तंतू चाळणीतून वर जाऊन आपला ठिपका शोधतो, आणि या काळात जोडण्या अपुऱ्या किंवा चुकीच्या असल्या की कॉफीच्या जागी रबर येतं. त्यामुळे वेडावाकडा का होईना, वास येतोय हे पुष्कळदा सुधारणेचं लक्षण असतं.

गंधसराव करून बघा. जर्मनीत ड्रेस्डेनच्या हुमेल यांनी २००९ मध्ये मांडलेली पद्धत आहे. गुलाब, निलगिरी, लिंबू, लवंग. सकाळी आणि रात्री प्रत्येकी पंधरा-वीस सेकंद हलकेच हुंगायचं, मन लावून, त्या वासाची आठवण काढत. किमान बारा आठवडे. सगळ्यांना गुण येतो असं नाही, पण अपाय नाही आणि खर्चही नाही.

बामने स्वतःची परीक्षा घेऊ नका. बाम, अमोनिया, कापूर यांची झणझण वेगळ्या नसेतून जाते, वास पूर्ण गेलेल्यालाही ती कळते.

आणि सगळ्यांसाठी: सर्दी नसताना वास हळूहळू कमी होत गेला, किंवा एकाच बाजूचा गेला, किंवा डोक्याला मार लागल्यावर गेला, तर दाखवून घ्या. पार्किन्सनमध्ये हातापायाचा कंप यायच्या कित्येक वर्षं आधी वास मंदावलेला असू शकतो. त्याची उलट बाजूही आहे. स्कॉटलंडच्या जॉय मिल्न या परिचारिकेला नवऱ्याच्या अंगाचा वास बदललेला जाणवला, निदान झालं त्याच्या कितीतरी वर्षं आधी. एडिनबरात त्यांची परीक्षा घेतली. बारा जणांनी घातलेले टी-शर्ट, सहा रुग्णांचे, सहा निरोगी माणसांचे. त्यांनी रुग्णांचे सहाही ओळखले आणि निरोगी गटातला एक सातवा रुग्ण म्हणून सांगितला. त्या सातव्याला आठ महिन्यांनी पार्किन्सन निघाला.

शेपटीवाला

हे वाचून माणसाच्या नाकाबद्दलचे माझे शब्द मागे घेतो. मोतीचे नाही घेत.

केवडा

वैद्यकाका, माझी आजी ऐंशीच्या पुढची, गावी एकटीच राहते. तिला वास अजिबात येत नाही. तिच्या लेखी 'वयाचं चालायचंच'. मागच्या महिन्यात शेगडीचं बटण अर्धवट राहिलं, शेजारणीला वास लागला म्हणून निभावलं. काय करावं?

नाककान वैद्य

वय झालं की वास कमी होतोच, पण आजींचं नाक एकदा आतून बघून घ्या. मांसाचे कोंब वाढलेले असले तर उपचार आहे.

नळकांडं

गॅसपुरतं मी सांगतो. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास जवळपास नसतोच. त्यात मुद्दाम मरकॅप्टन घालतात, कुजक्या कोबीसारखं, कारण आपलं नाक गंधकाच्या या संयुगांना कमालीचं तिखट. १९३७ साली टेक्ससमध्ये न्यू लंडन गावच्या शाळेत बिनवासाच्या गॅसचा स्फोट होऊन तीनशेच्या आसपास बळी गेले, बहुतेक मुलं. त्यानंतर हे सक्तीचं होत गेलं.

(अवांतर: कॅलिफोर्नियात एके काळी गॅसवाहिनीची गळती शोधायला आकाशात बघायचे. तिथलं टर्की गिधाड मेलेल्या जनावराचा वास घेत येतं, आणि मरकॅप्टनला फसून गळतीवर घिरट्या घालतं. आपली गिधाडं हे करणार नाहीत, ती नजरेवर चालतात.)

केवडा, आजींकडे गॅस-गळतीचा अलार्म बसवा. ऑनलाइन मिळतो, फार महाग नसतो. फक्त इलेक्ट्रिशियनला सांगा की धुराच्या अलार्मसारखा छताला लावू नकोस. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो. शेगडी-सिलिंडरच्या बाजूच्या भिंतीवर, जमिनीपासून फूटभर उंचीवर लावायचा, ओट्याखालच्या बंद कपाटात नाही. आवाज शेजारणीपर्यंत जातो का ते एकदा वाजवून बघा. आणि रात्री झोपताना रेग्युलेटर बंद, ही सवय आजींना लावता आली तर सोन्याहून पिवळं.

केवडा

धन्यवाद दोघांनाही. शनिवारी जातेय, बसवूनच येते. तोवर शेजारणीला सांगून ठेवलंय की दोन्ही वेळच्या स्वयंपाकानंतर रेग्युलेटरवर नजर टाकत जा.